‘आणखी आठ खोल्या सहज बसतील’ : दापोली तालुक्यातल्या एका कॉटेज-व्यवसायाच्या खरेदीचं प्रकरण

समुद्रापासून चालत तीन मिनिटं, ६२ गुंठे जागा, सहा खोल्या, बारमाही विहीर, आंबा-नारळ-सुपारीची बाग, चालता धंदा आणि ‘आणखी आठ खोल्या सहज बसतील’. किंमत १ कोटी ८५ लाख. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातला हा प्रस्ताव एजंटामार्फत पुण्यातल्या एका दांपत्याकडे आला. नवरा कारखान्यातून मुदतीआधी निवृत्त झालेला, बाई शाळेत शिक्षिका. राहतं घर सोडून बाकीची पुंजी आणि वर बँकेचं कर्ज असा त्यांचा बेत होता. कागद आणि हिशेब तपासायचं काम माझ्याकडे आलं. गावाची, माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळून हे प्रकरण लिहितो आहे.

विकणाऱ्याला गावात आणि पाहुण्यांतही सगळे ‘काका’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. वय सत्तरीच्या आसपास, मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला इकडे यायचं नाही. काका लबाड नव्हते, हे आधीच सांगतो. कोकणातला माणूस जागा विकायला काढतो तेव्हा आजोबांच्या वेळपासून आपण जे आपलं म्हणत आलो ते सगळं आपलंच, या हिशेबाने किंमत सांगतो. त्यांनी फोडही करून दिली होती. जमीन ६२ गुंठे, दोन लाख रुपये गुंठ्याने १ कोटी २४ लाख. बांधकाम ४५ लाख. ‘धंदा’ १६ लाख.

ही फोड पाहून पहिला प्रश्न पडला तो एकाच भावाचा. रस्त्याकडचा बिनशेती गुंठा आणि मागच्या चढावरचा बागेतला गुंठा एकाच दराने कसा? विकासाला वाव आहे म्हणून, असं उत्तर आलं. म्हणजे पुढे ज्या आठ खोल्या बांधायच्या, त्यांची किंमत आजच जमिनीच्या भावात घातलेली होती. त्या बांधता येतील का हे मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

धोब्याची वही

धंद्यापासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाला ३२ लाखांची उलाढाल. प्राप्तिकराच्या विवरणात ९ लाख. मधल्या २३ लाखांबद्दल ‘लोक रोखच देतात हो’ एवढंच उत्तर. विवरणपत्र भरताना ९ लाख आणि विकताना ३२ लाख, अशी दोन्हीकडून चैन करता येत नाही. खोटे दोन्ही आकडे असू शकतात, म्हणून तिसऱ्या जागी पाहावं लागतं.

पाहुण्यांच्या नोंदवहीत ऐन हंगामातली पानं अर्धवट. विजेच्या बिलावरून अंदाज येईना, कारण कॉटेजना पाणी चढवणारी मोटर शेतीपंपाच्या जोडणीवर चालत होती. (हे कोकणात इतकं सर्रास चालतं की सांगताना काकांना संकोचही वाटला नाही. पण तपासणी झाली तर त्या दिवशी जो ग्राहक असेल त्याच्या गळ्यात ते येतं.) शेवटी उपयोगी पडली ती दापोलीतल्या धोब्याची वही. चौकटीची शाळेची वही, प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन-तीन पानं, रकाने चार : डबल, सिंगल, टॉवेल, खोळी. काकांच्या पानावर मे महिन्याच्या ओळी दाटीवाटीने, समासात जाऊन लिहिलेल्या. जुलैत ‘वाळले नाहीत, पुढच्या खेपेला’ असा शेरा. ऑगस्टात सगळ्या महिन्याच्या मिळून सहा चादरी.

वर्षभराच्या डबल चादरी भरल्या ४३०. एका मुक्कामाला एक चादर, मुक्काम सरासरी दीड रात्रीहून थोडा जास्त, म्हणजे वर्षाला साधारण ६९० खोली-रात्री. सहा खोल्यांच्या वर्षभराच्या २१९० रात्री होतात, तेव्हा सरासरी ३१ टक्के भरती. काकांच्या ३२ लाखांसाठी साधारण ५० टक्के लागली असती. बुकिंगच्या संदेशांवरून खोलीचा खरा मिळालेला दर सरासरी २२०० निघाला, फलकावर ३५०० असला तरी. म्हणजे खोल्यांचे १५ लाख २० हजार, जेवणाचे ४ लाख ८० हजार, एकूण २० लाखांच्या आसपास. योगायोगाने जीएसटीच्या नोंदणीची मर्यादाही सेवांसाठी २० लाखच, त्यामुळे नव्या मालकाने सगळं चोख लिहायचं ठरवलं की तो पहिल्याच बऱ्या वर्षी ती ओलांडून नोंदणीच्या कक्षेत येणार.

खर्च मी काकांसमोर बसूनच काढला. स्वयंपाक आणि देखरेख करणारं जोडपं २ लाख ४०, हंगामी माणसं १ लाख २०, किराणा-मासळी २ लाख ६०, वीज १ लाख १०, धुलाई-साफसफाई ७० हजार, बुकिंग साइटचं कमिशन १ लाख १०, डागडुजी १ लाख ८०, उन्हाळ्यातले टँकर ३० हजार, किरकोळ ५०. एकूण ११ लाख ७० हजार. डागडुजीचा आकडा पुण्यातल्या माणसाला नेहमी फुगवलेला वाटतो. खाऱ्या वाऱ्यात बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात, पावसाआधी शाकारणी, पावसानंतर शेवाळ खरवडून रंग. यात कपात केली की पुढच्या वर्षी लोकांच्या शेऱ्यांत ‘ओल’, ‘कुबट वास’ हे शब्द यायला लागतात.

उरले ८ लाख ३० हजार. यात मालकाची मेहनत फुकट धरली आहे. पुण्यात राहून व्यवस्थापक ठेवला तर सहाच्याही खाली. १ कोटी ८५ लाखांवर हे तीन-सव्वातीन टक्के पडतात, बँकेचं व्याज याच्या तिप्पट. म्हणजे व्यवहार उभा राहणार तो नव्या आठ खोल्यांवरच. म्हणून जमिनीकडे वळलो.

चौदा गुंठे

६२ गुंठे ही एक जागा नव्हती. रस्त्याच्या अंगाला १४ गुंठ्यांचा एक हिस्सा नंबर, काकांच्या एकट्याच्या नावावर, बिनशेती, पण निवासी कारणासाठी. मागे चढत जाणारा ४८ गुंठ्यांचा दुसरा हिस्सा नंबर, शेती.

चौदा गुंठ्यांत तीन पिढ्यांची बांधकामं आहेत. वडिलांनी बांधलेलं जांभ्याचं कौलारू घर, ज्याची घरपट्टी १९९१च्या, म्हणजे किनाऱ्यावरचे बांधकाम-निर्बंध येण्याच्या, आधीपासूनची. त्यातल्या दोन खोल्या भाड्याने. रस्त्याजवळ रीतसर परवानगीने बांधलेल्या दोन कॉटेज. आणि समुद्राच्या बाजूला, केवड्याच्या बनाला लागून, नंतर उभ्या केलेल्या दोन लाकडी-फायबरच्या कॉटेज. त्यांना ग्रामपंचायतीचा एक ठराव सोडून कोणताही कागद नाही. सगळ्या जाहिरातींत पहिला फोटो याच दोघींचा.

सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या केंद्राच्या नियमांची, २०११ची अधिसूचना घ्या नाहीतर २०१९ची, अशा गावाला नियम एकच लागतो : भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०१९मध्ये ही मर्यादा ५० मीटरवर आली ती फक्त दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी, २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त लोक असतील तिथे. बागा आणि विरळ वाड्यांच्या या गावाचा त्याच्याशी संबंध नाही. अधिकृत संस्थेकडून १:४००० मापाच्या नकाशावर रेषा टाकून घेतली. ती चौदा गुंठ्यांमधून तिरकी गेली. रस्त्याजवळच्या दोन कॉटेज रेषेबाहेर, जुनं घर आणि त्या दोन फोटोतल्या कॉटेज रेषेच्या आत.

जुन्या घराचं ठीक होतं. अधिकृत जुनं बांधकाम आहे त्याच जोत्यावर दुरुस्त करता येतं. फोटोतल्या कॉटेजना मात्र वाचवायला काहीच नव्हतं. मुरूडच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचं प्रकरण तेव्हा वर्तमानपत्रांत गाजून गेलेलं होतं, तालुक्यात ज्याला त्याला सीआरझेड तोंडपाठ झालं होतं. काकांचं म्हणणं : ‘इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही.’ खरं आहे. पण गावातल्या माणसाला जे विचारत नाहीत ते पुण्याच्या मालकाला विचारतात.

त्या दोन खोल्यांचा हिशेब वेगळा काढला तेव्हा काका थोडे गप्प झाले. ६९०पैकी २७० रात्री त्यांच्या, त्याही २७०० रुपयांच्या दराने. म्हणजे खोल्यांच्या १५ लाखांतले सव्वासात लाख ज्यांच्यावर कधीही हातोडा पडू शकतो अशा भिंतींतून येत होते. उरलेल्या चार खोल्यांतून खर्च जाऊन हाती राहणारे अडीच लाखांच्या आतबाहेर. १६ लाखांचा ‘धंदा’ इथेच संपला.

पाणी आणि वाट हे दोन मुद्दे मी लवकर आटोपतो. विहीर बारमाही होती यात शंका नाही, पण आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात पाणी काढलं तेव्हा ते मचूळ होतं, साबणाला फेस येईना. टँकरचे ३० हजार त्यासाठीच जात होते. ‘मारा बोअर’ म्हणणं सोपं. किनाऱ्यावरच्या पर्यटन-बांधकामांसाठीच्या अटींत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई आहे आणि २०० ते ५०० मीटरमध्ये भूजल प्राधिकरणाची संमती लागते. वाटेचं असं की गावरस्त्यापासून गेटपर्यंतचा तुकडा शेजाऱ्याच्या नारळाच्या वाडीतून, जुनी पाखाडी (दगडी पायवाट) रुंद करून काढलेला. तोंडी संमती, वडिलांच्या काळची. महसूल संहितेचं कलम १४३ शेतात जायला बांधावरून वाट देतं, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी त्याच्या भरवशावर राहू नये. नोंदणीकृत वहिवाटीचा करार झाला, खर्च काकांनी सोसला. शेजाऱ्याने अट घातली ती रात्री दहानंतर स्पीकर बंद, एवढीच.

अठ्ठेचाळीस गुंठे

आठ खोल्या इथे बसणार होत्या. चढ, वर सपाटी, सपाटीवरून समुद्र दिसतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने इथली बहुतेक सुपारी आडवी केली होती. काकांनी नवी लावली आहे, तिला पूर्ण पीक यायला अजून वेळ आहे. प्रस्तावातलं बागेचं उत्पन्न वादळाआधीचं होतं, ते मी बाजूला ठेवलं.

हा हिस्सा २०० मीटरच्या बाहेर पण ५०० मीटरच्या आत पडतो. इथे पर्यटनासाठी बांधकाम होऊ शकतं, सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मंजुरीने आणि अटींवर. त्या अटींतली एक फार महत्त्वाची ठरली. भूखंड कमीत कमी ०.४ हेक्टर हवा. उंची ९ मीटर, मजले दोनच, चटईक्षेत्र निर्देशांक ०.३३ वगैरे अटी आठ खोल्यांना अडचणीच्या नव्हत्या. ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर, साधारण ४० गुंठे. कृषी पर्यटनाच्या २०२०च्या राज्य धोरणातही शेतकऱ्याला नोंदणीसाठी किमान एक एकरच लागतो, आणि खोल्यांची मर्यादा आठ. ४८ गुंठे म्हणजे दोन्हीकडे आठ गुंठ्यांनी पास.

सातबारा काढला. नावं सात. आजोबांच्या चार मुलांचे चार हिस्से : काका, दिवंगत चुलत्यांची सून आणि नातू, डोंबिवलीचा चुलतभाऊ, आणि आत्याची मुलं. घरगुती वाटप झालेलं, पण कागदावर सगळं सामाईक. काकांचा स्वतःचा हिस्सा बारा गुंठे. ज्या ४८ गुंठ्यांचे ९६ लाख त्यांनी सांगितले होते, त्यांतल्या ३६ गुंठ्यांच्या मालकांना विक्रीची कल्पनाही नव्हती.

इतर हक्कात आणखी एक नोंद होती, कूळकायदा कलम ४३ची. आजोबा मूळचे कूळ, कलम ३२ गखाली ठरलेल्या किमतीचे हप्ते भरून मालक झालेले. अशी जमीन विकायला पूर्वी परवानगी लागे. २०१४च्या दुरुस्तीनंतर ३२ मच्या, म्हणजे ती किंमत भरल्याच्या, प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (सरकारी साऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून विकता येते. इथे आकार चार रुपये आणि काही पैसे. चाळीस पट करून दोनशे रुपयेही होत नव्हते. ते भरून नोंद कमी व्हायला मात्र तलाठी, मंडल अधिकारी, तहसील असं करत एक पावसाळा गेला.

आता सगळ्यात अवघड भाग. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कूळकायद्याचं कलम ६३ विक्रीबरोबर बक्षीस, अदलाबदल आणि भाडेपट्टाही बिगरशेतकऱ्याला बंद करतं, म्हणून ‘तीस वर्षांच्या लीजवर घ्या’ हा एजंटाचा दुसरा पर्याय पहिल्याइतकाच कुचकामी. तिसरा पर्याय त्याने दबक्या आवाजात सांगितला : ‘शेतकरी दाखला मी करून देतो, चाळीस हजारांत.’ अशा दाखल्यावर घेतलेली जमीन कलम ८४-क खाली सरकारजमा होऊ शकते, आणि ती वेळ शेजारी भांडला किंवा पुढचा खरेदीदार तपासायला बसला की येते.

नवऱ्याच्या घराण्यात दोन पिढ्या शेती नव्हती. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझ्या माहेरी आहे, माण तालुक्यात. पण ती भावांची.’ भावांची कशी? वडील गेल्यावर वारसनोंद झाली, त्यात आईबरोबर तिन्ही भावंडांची नावं लागली. बाईंचं नाव तेव्हा सातबारावर होतं. फक्त येत्या राखीपौर्णिमेला गावी जायचं होतं आणि धाकट्याने कागद तयार ठेवले होते. ‘ताई, हक्कसोडपत्रावर एक सही करून जा, म्हणजे सोसायटीच्या कर्जाला अडचण नको.’ त्यांनी हो म्हटलेलं होतं. त्यांच्या ओळखीतल्या सगळ्याच बहिणींनी ती सही केलेली होती.

ती सही झाली असती तर बाईंचं शेतकरीपण त्याच दिवशी संपलं असतं, आणि त्याबरोबर दापोलीच्या ४८ गुंठ्यांचा रस्ताही. मी त्यांना सही पुढे ढकलायला सांगितलं. भावाला हे फोनवर समजावणं सोपं नव्हतं. बहीण जमीन मागायला लागली एवढंच त्याला ऐकू आलं. आठवडाभर आईचे फोन. शेवटी बाई स्वतः गेल्या आणि त्यांनी तोडगा काढला, तो मला सुचला नसता. विहिरीच्या बागायती नंबरांवरचा हक्क त्यांनी भावांच्या नावे सोडला, माळावरच्या एका जिरायत नंबरावर आपलं नाव राखलं. भावाला कर्जासाठी हवी होती ती बागायत, ताईला हवं होतं ते नाव. तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला त्या सातबारावर मिळाला, एजंटाशिवाय.

याचा अर्थ असा की मागची जमीन फक्त बाईंच्या नावावर होणार, नवऱ्याचं नाव तिथे लागणार नाही. नवऱ्याने हे हसून घेतलं. सगळे घेत नाहीत.

वहिनी

धंद्याला १६ लाख द्यायचे नाहीत हे ठरलं तरी धंदा म्हणून काहीतरी होतंच. लोक परत येत होते. का, ते शेऱ्यांत स्पष्ट दिसत होतं. समुद्राचा उल्लेख असायचा, खोलीचा क्वचित, आणि जवळजवळ प्रत्येकात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा. सकाळची घावनं आणि नारळाची चटणी, संकष्टीला सांगितलं तर उकडीचे मोदक, सुरमईची थाळी, सोलकढी पाहिजे तितक्यांदा. सगळे त्यांना ‘वहिनी’ म्हणतात. त्या आणि त्यांचे यजमान इथे दहा-अकरा वर्षं आहेत. गणपतीत ते दोघं आपल्या घरी असतात, काही केलं तरी येत नाहीत, आणि कॉटेज तेव्हा बंद असते. काकांच्या हिशेबात हा आठवडा ‘हंगाम’ म्हणून धरला होता.

वहिनींशी मी वेगळं बोललो. त्यांच्या मनात स्वतःच्या घरात दोन खोल्या काढून पाहुणे ठेवायचं होतं. आणि २०१९ची अधिसूचना स्थानिक लोकांना नेमकी ती मुभा देते : जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग न बदलता राहत्या घरात पर्यटकांची सोय करता येते. पुण्याचा मालक त्या मुभेत बसतो का, हा वादाचा विषय होईल; वहिनी निःसंशय बसतात. उद्या त्यांनी पाटी लावली तर परत येणारा निम्मा पाहुणा पलीकडच्या आळीत जाईल. हे मी खरेदीदारांना सांगितलं तेव्हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, ‘तीन वर्षांचा बाँड करून घेता येईल?’ बाईंनी तो तिथेच मोडीत काढला.

ठरलं ते असं. स्वयंपाकघराचा हिशेब वेगळा, किराणा-मासळीचा खर्च जाऊन जे उरेल त्यातलं निम्मं वहिनींचं, पगाराशिवाय. त्यांनी आपल्या घरी दोन खोल्या काढायच्या, कॉटेज भरली की पाहुणा तिकडे पाठवायचा, जेवण एकाच चुलीवर. बाहेरच्या माणसाला हे मालकाचं नुकसान वाटेल. माझ्या मते सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त करार हाच होता.

दुसरी गोष्ट होती काकांचा मोबाइल नंबर. निम्म्याहून जास्त बुकिंग त्यावर येत होतं, व्हॉट्सॲपवर, ‘काका, २६ जानेवारीला आहे का जागा?’ असं. बुकिंग साइटवरचं खातं काकांच्या नावाचं आणि बँकेचं, ते तसंच्या तसं हातात येत नाही, नवं उघडावं लागतं. नंबर मात्र नावावर करून घेता येतो. व्यवसाय हस्तांतराच्या करारात तो नंबर फर्निचरच्या यादीत लिहिला आहे, पंखे आणि गाद्यांच्या वर.

सौदा

आमची किंमत अशी होती. चौदा गुंठे, तीन लाखांनी ४२ लाख. जुनं घर आणि रस्त्याजवळच्या दोन कॉटेज २२ लाख. फर्निचर, नाव, नंबर ३ लाख. समुद्राकडच्या दोन कॉटेज काकांनी खरेदीखताआधी स्वतः काढून न्यायच्या. एकूण ६७ लाख. मागच्या जमिनीला बागेचा भाव, १ लाख १० हजार गुंठा, आणि सगळे हिस्सेदार सहीला येतील तेव्हाच. समोरचा भाव काकांनी मागितला त्याहून चढा आणि मागचा जवळजवळ निम्मा, हे पाहून ते चक्रावले.

त्यांचा विरोध एकूण रकमेपेक्षा वाटणीला होता, आणि त्यामागे मुलाचा करसल्लागार होता. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, बिनशेती आणि बांधकामावर लागतो. म्हणून त्यांना जास्तीत जास्त पैसे मागच्या जमिनीवर दाखवायचे होते. पण मागच्या जमिनीचे तीन वाटे इतरांचे, तिथे भाव फुगवला तर पैसे चुलतभावाला आणि आत्याच्या मुलांना जाणार. हे लक्षात आल्यावर करसल्लागाराचा मुद्दा आपोआप मागे पडला. रोखीचा विषय एकदा निघाला, एकदाच.

याआधी दोन गिऱ्हाइकं सर्च रिपोर्टनंतर मागे फिरलेली होती, म्हणून काका अखेर ६७ला तयार झाले. चौदा गुंठ्यांचं खरेदीखत दापोलीत झालं, कर्ज तेवढ्यापुरतंच. मागच्या जमिनीसाठी नोंदणीकृत साठेखत, विसार ५ लाख, मुदत वर्षाची.

चुलत्यांची सून आणि आत्याची मुलं आनंदाने आली. त्यांना ही जमीन कुठून जाते हेही नीट ठाऊक नव्हतं. डोंबिवलीचे चुलतभाऊ आले नाहीत. रेल्वेतून निवृत्त, दोन खोल्यांच्या घरात राहणारे गृहस्थ. मी आणि नवरा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, सातबारा चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, ‘मला बांधायचंय तिथे. कधी ते माहीत नाही.’ काकांना हा हट्ट वाटला. मला वाटला नाही.

त्यांचे बारा गुंठे मोजणी करून वेगळे झाले, बागायत असल्यामुळे तुकडेबंदी कायद्याच्या दहा गुंठ्यांच्या प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्राच्या वरच राहिले. बाईंच्या नावावर उरले ३६, किंमत ३९ लाख ६० हजार. आणि ३६ गुंठे म्हणजे ०.४ हेक्टरला चार गुंठे कमी. आठ खोल्या नाहीत, कृषी पर्यटनाची नोंदणीही नाही. असं होऊ शकतं हे साठेखताच्या वेळीच दोघांना माहीत होतं, किंमत त्याच हिशेबाने ठरली होती, म्हणून रडारड झाली नाही.

सध्या चार खोल्या चालतात. पहिल्या पूर्ण वर्षात भरती चाळीस टक्क्यांच्या थोडी वर गेली, मुख्यतः मधल्या वारी येणाऱ्या मंडळींमुळे : मार्चमध्ये वेळासला कासवं पाहायला जाणारे, हर्णैच्या मासळी लिलावाला पहाटे निघणारे. नवरा तिथेच राहतो, बाई सुट्टीत येतात. मोटरची जोडणी बदलून घेतली, पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधली, आणि यंदाच्या मेमध्ये टँकर दोनच आले. कर्जाचा हप्ता धंद्यातून निघतो, घरखर्च पेन्शनीतून.

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून फोन आला. चुलतभावांच्या मुलाने कुठूनतरी एक एकराची अट काढली होती. चार गुंठे हवेत ना, देतो म्हणाला. चार देता येत नाहीत. चार वेगळे काढले की त्यांचेही आठच उरतात आणि दोन्ही तुकडे दहा गुंठ्यांच्या खाली जातात. घ्यायचे तर बाराच्या बारा घ्यावे लागतील. मग बाराच घ्या, तो म्हणाला, चार लाख रुपये गुंठा. बाईंनी विचार करून सांगते म्हटलं आहे. नवऱ्याने अडीचपर्यंत जायची तयारी ठेवली आहे, आणि मी त्यांना आधी त्या मुलाच्या वडिलांशी बोला असं सांगितलं आहे, कारण सातबारावर अजून मुलाचं नाव नाही.